ज्येष्ठांसाठी न्हाणीघर बदलून देणारी सेवा : आतले काम उत्तम, रॅम्पचा प्रस्ताव धोक्याचा

पुण्यातील जुन्या सोसायटीतल्या आमच्या सदनिकेचे न्हाणीघर आईसाठी बदलून घेतले. संधिवातामुळे तिचे गुडघे वाकत नाहीत आणि घरातही ती वॉकर घेऊनच चालते. काम करणाऱ्या कंपनीचे नाव येथे देत नाही.

सर्वांत पसंत पडले ते त्यांचे मोजमाप. कॅटलॉग दाखवण्याआधी त्यांच्याकडच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टने (रोजच्या हालचाली सोप्या व सुरक्षित करून देणाऱ्या तज्ज्ञाने) आईला कमोडवरून उठायला सांगितले, उठताना तिचा हात आपसूक कुठे जातो ते पाहिले आणि भिंतीवर तेथेच पेन्सिलने खूण केली. ग्रॅब बार, म्हणजे धरून उठण्यासाठीचा दांडा, बसला तो त्याच खुणेवर. भिंत साडेचार इंची व विटा भुसभुशीत असल्याने प्लास्टिकच्या गिट्टीऐवजी केमिकल अँकर, म्हणजे छिद्रात चिकट रसायन भरून पक्के केलेले बोल्ट, वापरले. (रबरी चकतीने फरशीला चिकटणारे स्वस्त बार ऑनलाइन मिळतात, त्यांच्यावर अंगाचा भार टाकू नये.) कमोड न बदलता उंची वाढवणारी बैठक सुचवली, त्यामुळे खर्चही वाचला. पूर्वी दार आत उघडत असे. माणूस दाराशीच पडला तर ते ढकलताही येत नाही, म्हणून ते बाहेर उघडेल असे केले आणि कडी बाहेरूनही काढता येईल अशी लावली. एवढा विचार आमच्या नेहमीच्या प्लंबरने केला नसता.

उंबरठ्याच्या बाबतीत मात्र निराशा झाली. वॉकर अडखळू नये म्हणून ग्रॅनाइटची पट्टी काढली, पण जमिनीचा उतार जाळीकडे नव्याने न दिल्याने पाणी पॅसेजमध्ये येऊ लागले, म्हणजे घसरण्याची जागा केवळ आतून बाहेर सरकली. ते दुरुस्त करण्यासाठी वेगळे पैसे मागितले गेले.

इमारतीच्या प्रवेशद्वारापाशी तीन पायऱ्या आहेत, एकूण उंची सुमारे ४५ सेंटिमीटर. तेथे त्यांनी आठ फुटी रॅम्प सुचवला. केंद्र सरकारच्या २०२१ च्या सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांतील १:१२ हे प्रमाण (एक सेंटिमीटर उंचीला बारा सेंटिमीटर लांबी) धरले, तर एवढ्या उंचीला ५४० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ १८ फूट लांबी लागते. आठ फुटांत उतार सुमारे १:५ होतो आणि त्यावरून व्हीलचेअर आवरणे मदतनीसालाही कठीण जाते. आम्ही नकार दिला. जागा कमी असल्याने वळण घेणाऱ्या रॅम्पसाठी सोसायटीकडे अर्ज केला आहे.

न्हाणीघरापुरती ही सेवा घ्यायला हरकत नाही, मात्र उंबरठा काढणार असाल तर उताराचे व वॉटरप्रूफिंगचे काम कोटेशनमध्ये आधीच लिहून घ्यावे.