गोचिडाच्या मेंदूज्वरावरील लस: फ्रायबुर्गमधील एका दवाखान्याचा अनुभव

आमची चार वर्षांची मुलगी ब्लॅक फॉरेस्टच्या झाडीत भरणाऱ्या वनबालवाडीत जाऊ लागली, तेव्हा तिच्या बाईंनी पहिल्याच दिवशी लसीची चौकशी केली. गोचीड म्हटले की आपल्याला गुरेढोरे आठवतात. येथे मात्र गवतातल्या इवल्याशा गोचिडापासून माणसाला मेंदूज्वर होऊ शकतो. जर्मनीत त्याला एफएसएमई म्हणतात, आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग व बव्हेरिया या राज्यांचा बहुतेक भाग धोक्याच्या क्षेत्रात मोडतो.

आमच्या वस्तीतील ज्या दवाखान्यात आम्ही तिघांनी लस घेतली, तेथील डॉक्टरीणबाईंनी घाई न करता समजावून सांगितले, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. गोचीड चिमट्याने त्वचेलगत धरून, तेल किंवा डिंक न लावता, सावकाश सरळ ओढून काढला की काम झाले, अशी माझी समजूत होती. लाइम या जिवाणूजन्य आजाराच्या बाबतीत लवकर काढण्याचा खरोखर उपयोग होतो, कारण तो जंतू शरीरात शिरायला बहुधा काही तास लागतात. पण मेंदूज्वराचा विषाणू गोचिडाच्या लाळेतच असल्याने चावल्यावर काही मिनिटांतच रक्तात उतरू शकतो. बहुतेकांना काहीही त्रास होत नाही. ज्यांना होतो, त्यांना बऱ्याचदा आधी फ्लूसारखा ताप येतो, मध्ये काही दिवस बरे वाटते, आणि मग विषाणू मेंदूवर किंवा त्याच्या आवरणावर हल्ला करतो. या विषाणूला मारणारे औषध उपलब्ध नाही. रुग्णालयात लक्षणांवरच उपचार होतात, आणि काहींना पुढे कित्येक महिने डोकेदुखी, विस्मरण किंवा अवयवांची दुर्बलता सोसावी लागते. निर्जंतुक न केलेल्या शेळीच्या दुधातूनही संसर्ग होऊ शकतो, हे मला तेथेच प्रथम कळले.

एक तक्रार आहे, पण ती आमच्या आधीच्या गावातील दवाखान्याविषयी. तेथे मी आणि पत्नीने दोन डोस घेतले होते. तिसऱ्याची आठवण कोणी केली नाही आणि दोन वर्षे निघून गेली. आता सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागणार, या भीतीने मी ते टाळत होतो. येथे मात्र पिवळी लसपुस्तिका पाहून, घेतलेला प्रत्येक डोस धरला जातो, असे सांगून त्यांनी थेट तिसरा डोस दिला. मुलीला अंड्याची ॲलर्जी आहे का, हेही आधी विचारले, कारण लसीचा विषाणू कोंबडीच्या भ्रूणपेशींवर वाढवतात. दंड दोन दिवस दुखला, इतकेच. धोक्याच्या क्षेत्रात राहत असल्यामुळे खर्च आरोग्य विम्याने उचलला.

माझे मूळ गाव सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात, जेथे २०१६ मध्ये गोचिडांमुळेच होणारा माकडताप पसरला होता. तो विषाणू याच कुळातला, तेव्हा ही लस तेथे चालेल का, असे मी विचारले. डॉक्टरीणबाईंनी त्याबद्दल नीट वाचून, पुढच्या भेटीत स्पष्टपणे नाही म्हणून सांगितले.

लसीकरण हिवाळ्यात सुरू करावे, म्हणजे गोचीड वाढण्याच्या आधी पहिले दोन डोस होतात. आम्ही मुलीचे फेब्रुवारीत सुरू केले. तिसरा डोस झाल्यावर तीन वर्षांनी बूस्टर लागतो, आणि आमच्या दोघांच्या बूस्टरची तारीख या दवाखान्याने आत्ताच पुस्तिकेत लिहून दिली आहे.