स्विफ्टच्या टेस्ट: स्वतःचा मॅक्रो की तयार @टेस्ट?

स्विफ्ट या अ‍ॅपलच्या प्रोग्रामिंग भाषेत एकच फंक्शन, वीस इनपुट. वीस टेस्ट हाताने लिहिण्यापेक्षा मॅक्रो (बिल्डच्या वेळी आपोआप कोड तयार करणारा कोड) लिहू का, असं सहकारी विचारत होता.

मेहनत पाहा. स्वतःचा मॅक्रो म्हणजे वेगळं टार्गेट (प्रोजेक्टचा स्वतंत्र बिल्ड होणारा भाग), स्विफ्ट-सिंटॅक्स या स्विफ्ट कोड वाचणाऱ्या लायब्ररीची डिपेंडन्सी, क्लीन बिल्डला (सगळं पहिल्यापासून बिल्ड करायला) जास्त वेळ. वर मॅक्रोच्याही टेस्ट लिहा! २०२४ मध्ये अ‍ॅपलच्या एक्सकोड १६ या डेव्हलपमेंट टूलसोबत आलेल्या स्विफ्ट टेस्टिंग या टेस्ट फ्रेमवर्कमध्ये @टेस्टला आर्ग्युमेंट्सची यादी दिली की प्रत्येक इनपुटची केस वेगळी चालते. कोणती फसली तेही दिसतं.

लवचिकपणात मात्र मॅक्रो पुढे. प्रोटोकॉल (टाइपमध्ये कोणती फंक्शन्स हवीत याची यादी) वाचून मॉक, म्हणजे टेस्टपुरती खोटी आवृत्ती, बनवणं @टेस्टचं काम नाही.

फक्त इनपुट बदलत असतील तर @टेस्ट घ्या. डझनभर प्रोटोकॉलचे मॉक लागत असतील तर मॅक्रो परवडतो. यूआय टेस्टना (स्क्रीनवरची बटणं वगैरे तपासणाऱ्या) मात्र एक्ससीटेस्ट हे अ‍ॅपलचं जुनं टेस्ट फ्रेमवर्कच लागतं.