व्हांगानुईचा नदीकाठ की पूर्व किनारा? माओरी चर्च आणि दफनभूमी पाहू इच्छिणाऱ्यांसाठी

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावरील माओरींची, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांची, जुनी खेड्यातली चर्च पाहायची असतील, तर वेलिंग्टनहून निघणाऱ्यासमोर मुख्यतः दोन मार्ग असतात. एक व्हांगानुई नदीकाठचा. दुसरा ओपोटिकीपासून गिझबर्नपर्यंत किनाऱ्याने जाणारा, सुमारे ३३० किलोमीटरचा ३५ क्रमांकाचा महामार्ग. पहिला दोन दिवसांत होतो. दुसऱ्याला किमान चार दिवस हाताशी हवेत, कारण वेलिंग्टनहून गिझबर्न गाठण्यातच एक पूर्ण दिवस जातो आणि अतिवृष्टीत दरडी कोसळून हा किनारी रस्ता बंद पडतो. २०२३च्या गॅब्रिएल चक्रीवादळाने तर त्याची मोठीच हानी केली.

व्हांगानुईच्या वाटेवर आधी ओटाकी लागते. तेथील रांगिआतेआ चर्च ते रौपाराहा या प्रख्यात सरदाराच्या पुढाकाराने उभे राहिले आणि १८५१ साली पूर्ण झाले. १९९५ मध्ये ते आगीत भस्मसात झाल्यावर त्याच जागी जुन्याबरहुकूम नवे बांधून २००३ मध्ये खुले करण्यात आले. अर्धा तास अवश्य थांबावे, पण अस्सल जुन्या लाकडाची ओढ असणाऱ्याने पुढे जावे.

व्हांगानुई शहरासमोर, नदीपलीकडे, पुतिकीचे सेंट पॉल्स हे १९३७चे चर्च आहे. बाहेरून ते इतके साधे दिसते की एखादा न थांबताच पुढे निघून जाईल; आत मात्र भिंती कोरीव फळ्यांनी आणि तुकुतुकूने भरलेल्या आहेत. तुकुतुकू म्हणजे आडव्या पट्ट्या आणि उभ्या काड्यांची जाळी करून तीत वनस्पतींच्या पात्यांचे फुलीसारखे टाके घातलेली नक्षी. जवळ जाऊन पाहिले की एकेक फुली वेगळी दिसते, आणि दोन पावले मागे सरले की त्याच फुल्यांचा जिना होतो. दार बहुधा कुलूपबंद असते, म्हणून आधी पर्यटक माहिती केंद्रात चौकशी करून वेळ ठरवावी. तेथून नदीकाठाने सुमारे पासष्ट किलोमीटर वर हिरुहारामा, म्हणजे जेरुसलेम. वाटेतली आतेने, कोरिनिती, रानाना ही नावेही रिचर्ड टेलर या मिशनऱ्याने दिलेली, अथेन्स, कॉरिंथ आणि लंडन यांची माओरी रूपे आहेत. हिरुहारामाला सुझान ओबेर या कॅथलिक साध्वींनी १८९२ साली आपल्या भगिनीसंघाची स्थापना केली. आधीचे चर्च १८८८ मध्ये जळाल्यावर बांधलेले, उंच निमुळत्या मनोऱ्याचे लाकडी चर्च आजही टेकडीवर उभे आहे. कवी जेम्स बॅक्स्टर यांना १९७२ मध्ये याच गावात पुरले. त्यांच्या दगडावर सर्वांत वर ‘हेमी’ हे त्यांचे माओरी नाव कोरलेले आहे. ही जागा खासगी असल्याने विचारल्याशिवाय तेथे जाऊ नये.

पूर्व किनाऱ्यावर मात्र एका चर्चसाठी एवढा प्रवास सार्थकी लागतो, असे माझे ठाम मत आहे. तिकितिकीचे सेंट मेरीज माओरी नेते आपिराना न्गाता यांच्या नेतृत्वाखाली, पहिल्या महायुद्धात पडलेल्या न्गाती पोरोउ जमातीच्या सैनिकांचे स्मारक म्हणून उभारले गेले आणि १९२६ मध्ये पूर्ण झाले. पुतिकीप्रमाणे येथेही बाहेर साधेपणा आणि आत कोरीवकाम आहे. पण वेदीमागच्या रंगीत काचेत क्रूसाच्या पायाशी गुडघे टेकलेले, लष्करी गणवेशातले दोन माओरी अधिकारी दिसतात, तेव्हा त्या कलेमागचे दुःख कोणाचे आहे हे कोणी सांगावे लागत नाही. याच महामार्गावर रौकोकोरेला १८९४चे पांढरे लाकडी चर्च अगदी समुद्राला लागून उभे आहे. त्याच्या जमिनीखाली पेंग्विन घरटी करतात, त्यामुळे माशांचा वास येतो, आणि त्याबद्दल समजून घेण्याची विनंती करणारी पाटीच तेथे लावलेली आढळते.

तेव्हा पुण्या-नाशिकहून आलेले आईवडील सोबत असतील, तर व्हांगानुई निवडावे. अंतरे कमी आहेत आणि रात्री शहरात मुक्काम करता येतो, मात्र नदीकाठचा रस्ता अरुंद व वळणांचा असल्याने गाडी सावकाश चालवावी लागते. कोरीवकामाची वा युद्धेतिहासाची मनापासून आवड असेल आणि सवड असेल, तर पूर्व किनारा, तोही तिथल्या उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारीत.

दफनभूमीचे, म्हणजे उरुपाचे, नियम दोन्हीकडे सारखेच आहेत. ती जागा तापू, म्हणजे पवित्र आणि म्हणून निषिद्ध मानली जाते. अनेक उरुपा केवळ कुटुंबीयांसाठी असतात. परवानगीशिवाय आत जाऊ नये, फोटो काढू नयेत, थडग्यांवरून चालू नये, आत काही खाऊ-पिऊ नये. बाहेर पडताना हातावर पाणी घेण्याची रीत आहे. स्मशानातून परतल्यावर हातपाय धुतल्याशिवाय घरात पाऊल न टाकणाऱ्या आपल्या माणसांना ती समजावून द्यावी लागणार नाही. फाटकापाशी बहुधा नळ किंवा पाण्याचे भांडे असते, तरीही गाडीत एक भरलेली बाटली वेगळी ठेवावी.