पीडीओचे रोकाउंट: मोजणी कोणाच्या भरवशावर?

आमच्या वाचनालयाच्या संकेतस्थळावर पुस्तक शोधले की यादीच्या वर ‘एकूण इतकी पुस्तके सापडली’ अशी ओळ येते, आणि तो आकडा मी कित्येक वर्षे पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेतील पीडीओच्या (वेगवेगळ्या डेटाबेसशी एकाच पद्धतीने बोलणारा तिचा भाग) रोकाउंट या मेथडवर सोपवला होता. मायएसक्यूएल या डेटाबेसवर तिने कधी दगा दिला नाही. मात्र चाचणीसाठी तोच कोड लॅपटॉपवर एसक्यूलाइट या दुसऱ्या डेटाबेसला जोडला, तेव्हा खाली १७ पुस्तकांची यादी व्यवस्थित दिसत असताना वर ‘एकही पुस्तक सापडले नाही’ असे उमटले. दोन तास मी निर्दोष क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) उलटसुलट तपासत बसलो.

चूक माझ्या गृहीतकाची होती. इन्सर्ट, अपडेट आणि डिलीट (ओळी घालणे, बदलणे, काढणे) यांचा परिणाम किती ओळींवर झाला हे सांगणे एवढेच रोकाउंटचे काम असून, सिलेक्टने शोधून आणलेल्या ओळी ते मोजेलच अशी हमी पीएचपीच्या मॅन्युअलमध्ये दिलेली नाही. मायएसक्यूएलचा ड्रायव्हर (पीडीओला त्या डेटाबेसशी जोडणारा दुवा) एरवी सगळा निकाल आधीच पीएचपीच्या मेमरीत ओढून घेतो, म्हणून त्याच्याकडे आकडा तयार असतो. एसक्यूलाइट मागावी तशी एकेक ओळ काढून देते, त्यामुळे शेवटची ओळ येईपर्यंत एकूण किती हे तिलाही ठाऊक नसते. पीएचपी ७ मधून २०१५ साली हद्दपार झालेल्या जुन्या मायएसक्यूएल एक्स्टेन्शनमध्ये ओळी मोजण्याचे वेगळे फंक्शन होते, आणि माझ्या हाताला लागलेली सवय तिथलीच.

अपडेटमध्येही एक खोच आहे. सभासदाचा पत्ता आहे तसाच पुन्हा जतन केला, तर मायएसक्यूएलवर रोकाउंट शून्य देते, कारण तिथे बदललेल्या ओळी मोजल्या जातात, जुळलेल्या नव्हे. जुळलेल्या हव्या असतील, तर जोडणी करतानाच फाउंड रोजचा पर्याय द्यावा लागतो. तो दिला नव्हता तोवर आमचा फॉर्म ‘असा सभासद नाही’ असे बिनदिक्कत सांगत असे.

आता मी आकड्यासाठी सिलेक्ट काउंटची स्वतंत्र क्वेरी चालवून फेचकॉलम या एकच मूल्य आणणाऱ्या मेथडने उत्तर घेतो. पानावर २० पुस्तकांची लिमिट असल्याने, म्हणजे एका वेळी तेवढ्याच ओळी येत असल्याने, ती क्वेरी नाहीतरी लागतेच. मायएसक्यूएलच्या इनोडीबी या साठवण-इंजिनला त्यासाठी ओळी खरोखर मोजाव्या लागतात, पण वाचनालयाच्या आकाराला तो भार जाणवत नाही. जिथे सगळ्याच ओळी दाखवायच्या असतात, तिथे फेचऑलने सगळ्या ओळी एकदम आणून त्यांचा अ‍ॅरे (यादी) मोजला की झाले.

डेटाबेस बदलला तरी प्रिपेअर्ड स्टेटमेंटचा (आधी साचा, मग मूल्ये अशा क्वेरीचा) कोड जवळपास जसाच्या तसा चालतो, यासाठी पीडीओला माझ्याकडून पाचपैकी चार गुण. कापलेला एक गुण रोकाउंट या फसव्या नावाबद्दल.