बेळगावातलं एकपडदा थिएटर: निम्म्या खुर्च्या, पूर्ण उकाडा

कोरोनाच्या टाळेबंदीनंतर कर्नाटकात थिएटरं 15 ऑक्टोबर 2020 पासून उघडली, महाराष्ट्रात 5 नोव्हेंबरला. म्हणजे निपाणीकरांना मधले तीन आठवडे कोल्हापूर बंद, बेळगाव चालू! तेव्हा नियम होता निम्म्या आसनांचा, एकाआड एक खुर्चीचा. बेळगावच्या या थिएटरात मधल्या खुर्चीवर नुसती फुलीची चिकटपट्टी लावली होती. अंधारात ती सोलून लोक खुशाल शेजारी सरकायचे. खुर्ची दोरीनं बांधली असती तर बरं झालं असतं. चौघांचं कुटुंब असेल तर एकाच रांगेतली तिकिटं ऑनलाइन आधीच काढावी लागायची, खिडकीवर उरलेली मिळायची.

दारात ताप तपासायचे, नाव-नंबर लिहून घ्यायचे, इथवर चोख. एसी तेव्हा 24 ते 30 अंशांतच ठेवायचा असल्यानं बाल्कनीत मागं घामटा निघायचा. चष्मेवाल्यांनी मास्कची तार नाकावर घट्ट दाबावी लागायची, नाहीतर सबटायटल धुक्यात. खायला फक्त पाकीटबंद मिळायचं. गरम वडा विसरायचा. खरी गडबड मध्यंतरात: अख्खं थिएटर एकदम स्वच्छतागृहाकडं धावायचं, अंतराच्या खुणा पायाखाली. पाच मिनिटं आधी उठलेलं बरं असायचं. आवाज मात्र झकास होता, बसायचं तर खालच्या मजल्यावर.