हाताने दूध काढणं की पंप? अर्धवेळ कामावर परतताना

मिरजेहून सांगलीला चार-पाच तासांच्या कामासाठी जात असाल, तर मधे एकदा बाळासाठी अंगावरचं दूध काढणं बहुधा पुरतं.

हाताने काढायला उकळलेली स्टीलची वाटी आणि धुतलेले हात एवढंच लागतं. अंगठा आणि बोटं स्तनाग्रापासून २-३ सेंमी मागे ठेवा, आधी छातीकडे दाबा, मग एकमेकांकडे. बोटं त्वचेवरून घसरली की सोलवटतं आणि दूधही कमी येतं. सुरुवातीला २०-३० मिनिटं लागतात. खरी अडचण हीच.

इलेक्ट्रिक पंपाने दोन्ही बाजू १५-२० मिनिटांत होतात. पण फनेलचं (स्तनावर बसणाऱ्या नरसाळ्याचं) माप चुकलं तर दुखतं. ओढ अचानक कमी झाली, तर मोटरला दोष देण्याआधी रबरी व्हॉल्व्ह फाटलाय का पाहा. भाग रोज धुवावे-उकळावे लागतात.

आठवड्यात तीनच दिवस काम असेल, तर आमच्या मते आधी हातच शिका.

साठवण मात्र दोन्हींत सारखीच. २५ अंशांपर्यंत दूध ४ तास टिकतं. सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये त्यावर विसंबू नका, बर्फाच्या पिशव्यांचा डबा न्या. घरी फ्रिजमध्ये ४ दिवस. गॅसवर उकळू नका, बाटली कोमट पाण्यात धरा.