२०० लिटरचं निळं बॅरल आणि हातपंप: डिझेल साठवायला कितपत चालतं?

ट्रॅक्टर आणि जनरेटरसाठी शेतावर डिझेल ठेवायला हल्ली निळं एचडीपीई (टणक प्लास्टिकचं) बॅरल आणि वर बसणारा, दांडा फिरवून चालवायचा रोटरी हातपंप असा संच मिळतो. बॅरल चांगलं आहे. पंपही चांगला, पण खोक्यातून निघतो तसाच बसवला तर तळातलं पाणी थेट इंजिनात पाठवतो.

आधी बॅरल. पत्र्यासारखा आतून गंज नाही, आणि जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी टाकीपेक्षा तर हे केव्हाही बरं. जीआयवरच्या जस्ताचा डिझेलशी संयोग होऊन साबणासारखा चिकटा तयार होतो आणि तो फिल्टरमध्ये बसतो. मात्र बॅरल नवंच घ्या. भंगारातल्या बॅरलमध्ये आधी साबणाचं द्रावण असेल, तर राहिलेला अंश पाण्याचे बारीक थेंब डिझेलमध्येच धरून ठेवतो आणि पाणी तळाला बसत नाही. नुसतं खळबळून धुतल्याने हे जात नाही.

वरची दोन्ही बुचं दोन इंची, पण बहुतेक बॅरलमध्ये एकाचे आटे बारीक, दुसऱ्याचे जाड. पंपाचा अ‍ॅडॅप्टर सहसा बारीक आट्यांचा असतो. जाड आट्यांत दामटला की एखादी फेरी बसल्यासारखी वाटते आणि आटे जातात. मग पावसाळ्यात खरी अडचण. बॅरलच्या डोक्यावर कडेच्या आत पाणी साचतं. दिवसा तापलेलं बॅरल रात्री गार होताना हवा ओढतं आणि हवेबरोबर बुचाभोवतीचं पाणीही आत जातं. पंप नसलेलं भरलं बॅरल म्हणूनच आडवं ठेवावं, दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी, म्हणजे ती आतून डिझेलखाली राहतात. पंप लावलेलं उभंच राहणार, तेव्हा ते छपराखाली आणि उन्हाआड हवं.

आता पंपाची नळी. ती थेट तळाला टेकते, हाच या संचाचा मोठा दोष. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाशीच असतं. नळी ५ सेंटिमीटर कापून वर घ्या. बॅरलच्या तळातला एक सेंटिमीटर म्हणजे साधारण अडीच लिटर, त्यामुळे बारा लिटर डिझेल खाली पडून राहील. हे जिवावर येतं, पण तेवढं सोडावंच लागतं. शिवाय पंपाच्या बाजूखाली तीन-चार सेंटिमीटरची लाकडी पट्टी सरकवा. पाणी समोरच्या बाजूला उतरतं आणि दुसरं बूच बरोबर त्याच्या वर येतं. दर दोन महिन्यांनी त्या बुचातून एक लांब सुटी नळी, तिचं वरचं तोंड अंगठ्याने दाबून, तळापर्यंत घाला, अंगठा सोडा, पुन्हा दाबा आणि आलेलं काचेच्या बाटलीत सोडून तासभर ठेवा. खाली पाणी, वर डिझेल आणि मधल्या रेषेवर काळपट-तपकिरी, ओढला तर तुटत नाही असा पापुद्रा दिसला, तर बुरशी आणि जिवाणू वाढलेत. ते पाणी-डिझेलच्या सीमेवरच जगतात, म्हणून पाणी काढणं हाच खरा उपाय. जंतुनाशक टाकलं तरी मेलेला गाळ फिल्टरमध्येच येतो. अल्कोहोल असलेली ‘पाणी घालवणारी’ औषधं तर नकोतच. ती पाणी डिझेलमध्ये विरघळवून इंजेक्टरपर्यंत, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागापर्यंत नेतात.

पंपाचा वायसर साध्या रबराचा असेल तर डिझेलने फुगतो, नायट्राइलचा (तेलाला टिकणाऱ्या रबराचा) घाला. उपसताना दुसरं बूच सैल करा, नाहीतर आत निर्वात होऊन दांडा जड जातो. काम झालं की लगेच आवळा.

जोडीला टेफ्लॉन लावलेल्या बारीक जाळीचं नरसाळं जरूर घ्या. डिझेल जातं, पाणी वरच थांबतं. कॉमन रेल इंजिन (अतिशय जास्त दाबाने डिझेल फवारणारं, पाण्याने लवकर बिघडणारं) असेल तर यावरचा खर्च अजिबात वाया जात नाही.

१९० लिटरच भरा. २० अंशांनी तापमान वाढलं की एवढं डिझेल तीन लिटरच्या वर फुगतं. ३० अंशांच्या वरच्या उष्णतेत सहा महिन्यांत संपवलेलं बरं. बॅरलवर भरल्याची तारीख लिहा. परवान्याशिवाय एका जागी २,५०० लिटरपर्यंत ठेवता येतं, एकेक भांडं १,००० लिटरच्या आतलं हवं. पण मोटरपंप लावायचा असेल तर हा संच घेऊ नका. वेगाने वाहणाऱ्या डिझेलमध्ये स्थिर वीज साठते आणि प्लास्टिकला अर्थिंग देता येत नाही. तिथे अर्थिंग केलेली लोखंडी टाकीच हवी.